डे-एंडचा डॅशबोर्ड: काय दाखवायचं आणि कुठलं बटण द्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणारी चार जणांची टीम, तीसेक संस्था, काहींच्या दहा-बारा शाखा. सॉफ्टवेअर जावात, स्प्रिंग बूट या तयार चौकटीवर. रात्री डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करण्याचा कार्यक्रम, चालतो, त्यात पिग्मीची जमा, व्याज आकारणी, अहवाल, एसएमएस. वरिष्ठ म्हणतात, 'एक डॅशबोर्ड करा, ऑफिसातल्या टीव्हीवर लावू, आणि सपोर्टला एक ॲडमिन पॅनल द्या.' ग्राफाना (ग्राफ दाखवणारं तयार साधन) घ्यावं की स्क्रीन स्वतः बांधावी, त्यावर नेमकं काय असावं आणि आकडे किती दिवस ठेवावेत, हे तुम्ही विचारलं आहे.

ग्राफाना की स्वतःचं, हे मागे ठेवतो. त्याचं उत्तर छोटं आहे. आधी एक काम करा. रात्री अडीचला फोन वाजला तर सपोर्टच्या माणसाला कुठकुठले निर्णय घ्यावे लागतात, ते कागदावर लिहून काढा. यादी फार मोठी होणार नाही. अडकलेला डे-एंड पुन्हा चालवायचा का, एक शाखा बाजूला ठेवून बाकीच्या पुढे न्यायच्या का, एसएमएस रोखून धरायचे का, सकाळी काउंटर उघडू द्यायचं का, आणि कुणाला झोपेतून उठवायचं. डॅशबोर्डवरची प्रत्येक गोष्ट यातल्या एखाद्या निर्णयाच्या कामी यायला हवी, आणि पॅनलवरच्या प्रत्येक बटणाने यातलाच एखादा निर्णय अमलात यायला हवा. तुमच्या लिहिण्यावरून ही दोन कामं दोघांत वाटलेली दिसतात: एकाने ग्राफ काढायचे, दुसऱ्याने बटणं लावायची. ती एकाच्या हातात द्या. बटण दाबण्याआधी काय बघायचंय आणि दाबल्यावर काय बघायचंय, हे एकत्र ठरवलं नाही तर दोन्ही अर्धवट राहतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. सर्व्हर तुमच्या क्लाउडवर आहेत की संस्थेच्या मुख्य कार्यालयात? कार्यालयात असतील तर रात्री लाइट जाते, कुणीतरी जाताना राउटर बंद करून जातं. आकडे गोळा करून ठेवणारी प्रोमिथियससारखी साधनं स्वतः तुमच्या मशीनपर्यंत येऊन आकडे घेऊन जातात. संस्थेच्या राउटरमागे त्यांना शिरता येत नाही. तिथे ॲपनेच दर काही मिनिटांनी बाहेर आकडे पाठवलेले बरे. दुसरं, डे-एंड आपोआप सुरू होतो की शाखाधिकारी बटण दाबून सुरू करतात? बऱ्याच ठिकाणी कॅश जुळल्याशिवाय तो सुरूच करत नाहीत. मग 'फेल झाला' आणि 'सुरूच झाला नाही' या दोन वेगळ्या घटना ठरतात आणि त्यांवरचा इलाजही वेगळा. पहिलीत तुम्ही लॉग उघडायचा, दुसरीत शाखेत फोन करायचा.

टीव्हीचं लवकर उरकतो. पाहुण्यांना दाखवायला टीव्ही छान आहे, पण रात्री ऑफिसात कुणी नसतं. टीव्हीसाठी केलेल्या स्क्रीनवर हमखास गोल मीटर येतात, सीपीयू, मेमरी, डिस्क, आणि बघणाऱ्याला त्यातून काहीच ठरवता येत नाही. तुमची खरी स्क्रीन मोबाइलवर, एका हाताने, अर्धवट झोपेत वाचली जाणार आहे. त्या आकारापासून सुरुवात करा.

पहिल्या स्क्रीनवर मी फक्त एक तक्ता ठेवीन, संस्थेमागे एक ओळ, आणि सगळ्यात वाईट अवस्थेतली ओळ वर. ती ओळ अशी वाचता आली पाहिजे: 'मिरज शाखा. १४ तारखेचा डे-एंड. टप्पा: व्याज आकारणी. १२,३४० पैकी ९,११८ खाती. शेवटची हालचाल १४ मिनिटांपूर्वी. एरवी हा टप्पा ६ मिनिटांत होतो.' यातली शेवटची दोन वाक्यं सगळ्यात कामाची. 'चालू आहे' असं हिरव्या अक्षरात दाखवणारी स्क्रीन मी पुष्कळ पाहिली आहे. आतला थ्रेड, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा धागा, कधीच डेटाबेसच्या लॉकपाशी अडकलेला असतो आणि स्क्रीन मात्र 'चालू आहे' म्हणतच असते. हालचाल कधी झाली आणि एरवी किती वेळ लागतो, हे शेजारी शेजारी दिसलं की नव्या माणसालाही थांबायचं की हात घालायचा ते कळतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुका मोजण्यावर विसंबू नका. प्रत्येक कामापुढे 'शेवटचं यशस्वी कधी' ही वेळ ठेवा. चुका मोजणारा आकडा शून्य असण्याची दोन कारणं असतात: सगळं सुरळीत आहे, किंवा काम चाललंच नाही. गिटलॅबचा ३१ जानेवारी २०१७ चा प्रसंग त्यांनी स्वतः जाहीर केला आहे. एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली, आणि बॅकअप शोधायला गेले तर ठरलेल्या ठिकाणी काहीच नव्हतं. बॅकअप घेणारं साधन डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्यामुळे रोज फेल होत होतं. त्याचे ईमेलही निघत होते, पण मेलच्या सुरक्षा-तपासणीत ते नाकारले जात होते, म्हणून कुणापर्यंत पोचलेच नाहीत. 'शेवटचा यशस्वी बॅकअप: अमुक तारीख, आकार इतका' एवढी एक ओळ रोज कुणाच्या नजरेखालून गेली असती तर हे तेव्हाच लक्षात आलं असतं. तुमच्याकडे बॅकअप, एसएमएस, पिग्मी मशीनचं अपलोड, सगळ्यांना ही ओळ हवी, आणि वेळ ठरावीक मर्यादेपलीकडे जुनी झाली की अलर्ट. काम झालं नाही हे त्या कामाला स्वतःला सांगता येत नाही, म्हणून हे तपासणारं यंत्र वेगळं असावं.

दिवसाच्या वेळचे आकडे, म्हणजे काउंटरवर पासबुक एंट्रीला किती वेळ लागतो वगैरे, यांत सरासरी दाखवू नका. हिशेब करून बघा: हजार व्यवहारांतले ९९० जर ५० मिलिसेकंदांत झाले आणि १० ना ८ सेकंद लागले, तर सरासरी १३० मिलिसेकंदांच्या आसपास येते. ग्राफ सुंदर दिसतो, आणि दहा खातेदार काउंटरवर चुळबुळ करत उभे असतात. पर्सेंटाइल दाखवा, म्हणजे शंभरातले इतके व्यवहार किती वेळाच्या आत झाले तो आकडा; पन्नासावा, पंचाण्णवावा आणि नव्याण्णवावा पुरेत. पण दोन सर्व्हरचे नव्याण्णवावे पर्सेंटाइल घेऊन त्यांची सरासरी काढली तर तो आकडा कशाचाच नसतो. म्हणून ॲपमधून पर्सेंटाइल बाहेर न पाठवता हिस्टोग्राम (किती वेळात किती व्यवहार झाले याची गटवार मोजणी) पाठवा आणि पर्सेंटाइल शेवटी एकत्रितावर काढा.

लेबलांचा, म्हणजे प्रत्येक आकड्याला जोडलेल्या वर्गवारीच्या खुणांचा, मोह टाळा. संस्था ३०, शाखा सरासरी १२ धरल्या, टप्पे ८ आणि निकाल ३, तर आकड्यांच्या ८,६४० वेगळ्या मालिका होतात. प्रोमिथियसला हे काहीच नाही. पण कुणीतरी उत्साहाने खाते क्रमांकाचं लेबल जोडलं की हाच आकडा लाखांत जातो आणि मॉनिटरिंगचाच सर्व्हर मेमरी खाऊन बसतो. शिवाय खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर मेट्रिक्समध्ये जाणं खातेदाराच्या दृष्टीनेही वाईट. ते लॉगमध्ये ठेवा, तिथेही अर्धे झाकून.

हेल्थ चेकबद्दल एकच सांगतो. 'प्रोसेस जिवंत आहे का' आणि 'काम घ्यायला तयार आहे का' हे दोन वेगळे पत्ते ठेवा. स्प्रिंग बूटमध्ये २.३ पासून त्याची सोय आहे. जिवंतपणाच्या तपासणीत डेटाबेस घालू नका, नाहीतर डेटाबेस दोन मिनिटं मंदावला की सर्व्हर चालू ठेवणारं कुबर्नेटीस तुमचे धडधाकट सर्व्हर एकामागून एक रिस्टार्ट करत बसेल.

अलर्टला मात्र वेळ द्या. 'सीपीयू ९० टक्के' हा अलर्ट काढून टाका. ३१ मार्चच्या रात्री सीपीयू शंभरावर असणारच, आणि असावाच. उलट दिशेने मोजा. समजा शाखा साडेनऊला उघडते आणि एखादी शाखा हाताने निस्तरायला दोन तास लागतात, तर सात वाजता जी शाखा पूर्ण झालेली नाही तिच्यासाठी फोन वाजला पाहिजे. पहाटे तीनला एक टप्पा एकदा फेल होऊन आपोआप पुन्हा नीट चालला, तर त्यासाठी कुणाला उठवायचं कारण नाही. ते सकाळच्या यादीत जाऊ दे. अलर्टच्या मजकुरात संस्था, शाखा, टप्पा, कधीपासून, आणि पहिलं पाऊल काय, एवढं असावं. एसएमएस गेटवे बंद पडला तर तीस संस्थांचे तीस अलर्ट न येता एकच यावा. प्रोमिथियसच्या अलर्टमॅनेजरमध्ये गट करण्याची सोय आहे, ती वापरा.

कुणी बघतच नाही अशा अलर्टची किंमत नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-ब्रोकर कंपनीने मोजली. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांनी नवा कोड आठ सर्व्हरवर चढवला, पण एक राहून गेला. त्या एकावर जुना, कधीच वापरातून गेलेला कोड होता आणि नव्या कोडने वापरलेला फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) त्या जुन्या कोडला जागं करणारा निघाला. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. अमेरिकेच्या रोखे नियामकाच्या आदेशात नोंद आहे की बाजार उघडण्याआधीच त्यांच्या सिस्टिमने ९७ ईमेल पाठवले होते आणि त्यांत त्या जुन्या कोडचं नावही होतं. पण ते ईमेल अलर्ट म्हणून बनवलेले नव्हते, आणि कुणी ते सहसा वाचत नसे. पुढचं वाचून तर अंगावर काटा येतो: गडबड आवरायच्या प्रयत्नात त्यांनी नीट असलेल्या सात सर्व्हरवरूनही नवा कोड काढला, आणि मग आठही सर्व्हर बिघडले. आठवा सर्व्हर वेगळा आहे हे दाखवणारी जागाच त्यांच्यापुढे नव्हती. तुमच्या तीस संस्थांच्या तक्त्यात म्हणूनच आणखी एक रकाना हवा: तिथे या क्षणी चालणारी आवृत्ती, आणि चालू असलेले फ्लॅग. डिप्लॉयच्या स्क्रिप्टने नोंदवलेली आवृत्ती तिथे चालणार नाही, चालत्या प्रोसेसनेच स्वतःची सांगितली पाहिजे. सगळ्यांपेक्षा वेगळी असलेली ओळ रंगाने उठून दिसू दे.

इथपर्यंत बघण्याची बाजू झाली: हालचालीची वेळ, शेवटचं यश, पर्सेंटाइल, आवृत्ती, आणि मोजके अलर्ट. आता करण्याची बाजू, म्हणजे बटणं. माझ्या मते खरी जोखीम इथे आहे, आणि नेमकी हीच स्क्रीन शेवटच्या आठवड्यात घाईने उरकली जाते.

पहिला नियम: स्क्रीनने 'सांगितलं' आणि 'झालं' यांत फरक दाखवायचा. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षातल्या दिव्यावरून ती बंद वाटत होती, कारण तो दिवा झडपेला 'बंद हो' हा संकेत गेला की नाही एवढंच सांगत होता. झडप खरोखर कुठल्या स्थितीत आहे, हे तो दाखवतच नव्हता. दोन तासांहून जास्त वेळ ती उघडीच राहिली आणि गाभा अंशतः वितळला. आपल्याकडे अणुभट्टी नाही, पण 'डे-एंड थांबवा' दाबल्यावर लगेच 'थांबवला' असा हिरवा पट्टा दाखवणारी पॅनल्स सर्रास आहेत. पत्र पेटीत टाकलं म्हणजे पोचलं, असं धरण्यातलाच हा प्रकार. बटणामागच्या एपीआयने २००, म्हणजे 'ठीक आहे' असं उत्तर, पाठवलं, एवढ्यावर तो पट्टा लागतो. बॅच आणखी दहा मिनिटं खाती लिहीत असते. तीन अवस्था ठेवा: 'विनंती पाठवली', 'शाखेच्या सर्व्हरने घेतली', 'थांबल्याची खात्री झाली'. तिसरी अवस्था त्या वर सांगितलेल्या तक्त्यातूनच यायला हवी, म्हणजे हालचाल खरंच थांबली तेव्हाच. दोन्ही कामं एका माणसाकडे द्या असं म्हटलं, ते याचसाठी.

दुसरं, 'पुन्हा चालवा' हे बटण दोनदा दाबलं जाणारच. नेट मंद असतं, माणूस घाबरलेला असतो. व्याज दोनदा जमा झालं तर ते उलटवायला आठवडा जातो आणि संस्थेचा विश्वास जातो तो वेगळाच. पहिल्या क्लिकनंतर बटण राखाडी करणं हा इलाज नव्हे. दुसऱ्या मोबाइलवरून दुसरा माणूस तेच दाबू शकतो. शाखा, तारीख आणि टप्पा या तिघांवर डेटाबेसमध्येच युनिक बंधन (तीच नोंद दोनदा होऊ न देणारं) घाला. एक टप्पा एका दिवसासाठी एकदाच लागू होईल, आणि पुन्हा चालवलं तर राहिलेल्या खात्यांपासून सुरू होईल, अशी रचना असली तरच ते बटण सपोर्टच्या हातात द्या. तोवर देऊ नका, मग कितीही मागणी होवो.

तिसरं, बटणाला मर्यादा हवी. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस३ सेवेत बिलिंगची अडचण शोधताना एकाला थोडे सर्व्हर काढायचे होते. आदेशातली एक किंमत चुकली आणि बरेच जास्त सर्व्हर निघाले. उत्तर व्हर्जिनियातली सेवा काही तास ठप्प झाली. कंपनीने नंतर ते साधनच बदलले: सर्व्हर हळूहळू निघतील, आणि किमान क्षमतेच्या खाली जाऊ लागले तर आदेश नाकारला जाईल. तुमच्याकडे याचं रूप असं: 'सर्व संस्थांचे एसएमएस रद्द करा' असं बटणच ठेवू नका. एका वेळी एक संस्था. आणि दाबण्याआधी परिणाम दाखवा: 'रद्द होणारे एसएमएस: ४,२१६. यांतले ओटीपी: ०.' ओटीपीचा आकडा शून्य नसेल तर बटण चालणारच नाही.

खात्रीच्या चौकटीबद्दल. 'तुम्हाला खात्री आहे का? हो / नाही' ही चौकट कुणी वाचत नाही, बोट आपोआप 'हो'वर जातं. त्याऐवजी चौकटीत लिहा: 'मिरज शाखेचा १४ तारखेचा डे-एंड रद्द होईल. ९,११८ खात्यांवरची आकारणी उलटेल', आणि बटणावर 'हो' न लिहिता 'डे-एंड रद्द करा' लिहा. ज्या क्रिया उलटवता येत नाहीत त्यांसाठी शाखेचं नाव टाइप करायला लावा. पैशाला हात लावणाऱ्या क्रियांना मेकर-चेकर (एकाने करायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं) ठेवा. तुमचे ग्राहक काउंटरवर हेच रोज करतात, त्यांना ते समजावून सांगावं लागणार नाही. रात्री दुसरा माणूस नसेल तर एकट्याने करू द्या, पण कारण लिहिणं सक्तीचं करा आणि त्याच क्षणी वरिष्ठांना संदेश जाऊ द्या. कोणी, कधी, का, आधीची स्थिती, नंतरची स्थिती, ही नोंद वेगळ्या टेबलात ठेवा आणि पॅनलवरून ती पुसता येऊ नये. आणि पॅनलवर 'क्वेरी चालवा' अशी मोकळी खिडकी? कुणीतरी नक्की मागेल. नाही म्हणा. ज्या क्वेरी वारंवार लागतात त्यांना एकेक बटण द्या.

स्प्रिंग बूट वापरता म्हणून एक धोक्याची सूचना. ॲपची आतली स्थिती दाखवणाऱ्या त्याच्या ॲक्च्युएटर या भागाचे सगळे पत्ते चालू करून मोकळं होऊ नका. त्यातल्या हीप डंपमध्ये (मेमरीची नक्कल) मेमरीतली सगळी माणिक-मोती येतात, पासवर्डसकट. नव्या आवृत्त्यांत वेबवर फक्त हेल्थचा पत्ता मुळात उघडा असतो. बाकीचे आपणच घाईत 'सगळे दाखव' लिहून उघडतो. व्यवस्थापनाचा पोर्ट वेगळा ठेवा, तो फक्त अंतर्गत नेटवर्कवर, आणि लॉगिनसह. जेएमएक्सचंही (चालतं जावा ॲप बाहेरून बघण्या-हाताळण्याची सोय) तसंच.

पॅनलचा रस्ता मुख्य सिस्टिमपेक्षा वेगळा हवा. वर सांगितलेल्या एस३ च्या प्रसंगात ॲमेझॉनला स्वतःचं स्थिती-पानच काही वेळ बदलता आलं नाही, कारण ते पान बदलणारं साधन एस३ वरच अवलंबून होतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं जाळं तुटलं तेव्हा दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच जाळ्यावर होती. तुमच्या बाबतीत निदान एवढं बघा की पॅनलचं लॉगिन त्याच डेटाबेसमधून होत नाही, जो बंद पडल्यावर पॅनल लागणार आहे. आणि शाखाधिकाऱ्यांचे फोन नंबर एका छापील कागदावर ठेवा.

आता ते मागे ठेवलेलं. ग्राफ आणि अलर्टसाठी प्रोमिथियस-ग्राफाना घ्या, ते स्वतः लिहिण्यात अर्थ नाही. संस्थांचा तक्ता आणि बटणं मात्र स्वतः लिहा, कारण 'डे-एंड', 'शाखा', 'टप्पा' हे शब्द कुठल्याच तयार साधनाला माहीत नसतात. आधी तक्ता, मग 'शेवटचं यशस्वी'चे अलर्ट, आणि बटणांत सर्वांत आधी 'एसएमएस रोखा', कारण ते उलटवता येतं. 'पुन्हा चालवा' सर्वांत शेवटी.

साठवणुकीचं राहिलं. प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचे आकडे ठेवतो. रोजच्या कामाला ते पुरतात, पण तुमच्या धंद्यात ३१ मार्चची तुलना गेल्या आठवड्याशी करून काहीच हाती लागत नाही, ती गेल्या वर्षीच्या ३१ मार्चशी करावी लागते. म्हणून प्रत्येक डे-एंड संपला की शाखा, टप्पा, लागलेला वेळ आणि खात्यांची संख्या एवढी एक ओळ तुमच्याच डेटाबेसमध्ये लिहून ठेवा. ३६० शाखा आणि ८ टप्पे धरले तर रोजच्या २,८८० ओळी, वर्षाच्या साडेदहा लाख. कुठलाही डेटाबेस त्या सहज ठेवतो. 'एरवी हा टप्पा ६ मिनिटांत होतो' हे वाक्यही याच टेबलातून येईल. मार्चअखेरीआधी हे टेबल सुरू करा, बाकीचं मागाहून झालं तरी चालेल.